दुष्काळासाठी बांधलेले पाणी उसाकडे कसे गेले?

१/ अहिल्यानगर शहरालगतचे नागापूर आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तेथून उत्तरेस राहुरी-श्रीरामपूरकडे निघालात की उसाचे मळे लागतात. दक्षिणेस कर्जत-जामखेडकडे वळलात की ज्वारीची कोरडवाहू राने. जिल्हा एकच. मग हा फरक कशाचा?

२/ १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खनचे पठार होरपळले. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले, ते या आठवणीच्या छायेत. हेतू असा की थोडे थोडे पाणी पुष्कळ शेतांना मिळावे आणि ज्वारी-बाजरी तगावी.

३/ परंतु पाऊस बरा झाला की ज्वारीचा शेतकरी कालव्याकडे फिरकत नसे. सरकारला तर खर्च वसूल करायचा होता. बारमाही पाणी घेणारा, नेमाने पाणीपट्टी देणारा ऊस म्हणून सोयीचा ठरला.

४/ धोका कोणालाच कळला नव्हता, असे मात्र नाही. नीरा कालव्याच्या पट्ट्यात निचऱ्याअभावी काळी जमीन पाणथळ होऊन चोपण पडू लागली होती. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेचा उगम १९१६ सालचा, आणि तोही सिंचनाच्या अशाच प्रश्नांतून! भंडारदरा पुरे व्हायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता.

५/ १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला. साखरेचा नफा शेतकऱ्याच्या हाती आला; ते कर्तृत्व मी कमी लेखत नाही. पण मालकी बदलली तरी पीक तेच राहिले.

६/ त्याची किंमत आज टंचाईच्या वर्षी दिसते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी वाटप आले आणि भंडारदरा-मुळेचे पाणी जायकवाडीला सोडताना नगर आणि मराठवाडा समोरासमोर उभे राहतात.

७/ नागापूरच्याच तालुक्यातील हिवरे बाजारने मात्र शेतीसाठी कूपनलिका आणि ऊस, दोन्ही वर्ज्य केले. तेथे ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद आधी मांडते, पिके नंतर ठरवते.

८/ ‘हे लहान गावाला जमते, कालव्याला नाही,’ असा आक्षेप ऐकू येतो. मला तो पटत नाही. विश्वेश्वरय्यांनी नीरेवर आणलेली ब्लॉक पद्धत कालव्यासाठीच होती: उसाला ठरावीक हिस्सा, उरलेल्या रानात कमी पाण्याच्या पिकांची फेरपालट.