परीक्षेचा हंगाम आणि उसाचा हंगाम

दिवाळीची सुट्टी संपली की प्रवरेच्या काठावरील बेलापूर परिसरात दोन हंगाम एकाच वेळी सुरू होतात. एक उसाचा आणि दुसरा परीक्षेच्या तयारीचा. पहिल्या हंगामात पाथर्डी तालुक्यातून आणि बीड जिल्ह्यातील कोरडवाहू गावांतून ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात, फडांच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. दुसऱ्या हंगामात शाळेच्या वेळेआधी जादा तास भरू लागतात, सराव प्रश्नसंचांचे गठ्ठे येतात आणि नऊ-दहा वर्षांची मुले उत्तरपत्रिकेवरील गोल काळे करण्याचा सराव करू लागतात. शिक्षणखात्याच्या कागदोपत्री या दोन हंगामांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वस्तुतः तो अत्यंत निकटचा आहे.

प्राथमिक शाळेतील मुलांना चाचण्यांसाठी तयार करणे हे आज अत्यंत सत्कार्य समजले जाते. गावोगावची मंडळे सराव परीक्षा भरवतात, पुढारी प्रश्नसंच वाटतात आणि निकाल लागला की चौकात अभिनंदनाचे फलक झळकतात. आपले कार्यकर्तेही या कार्यात हिरिरीने उतरतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु हेतू चांगला असला म्हणजे कार्याचा परिणाम चांगला होतोच असे नाही, आणि म्हणूनच या परीक्षांचे अर्थशास्त्र एकदा तपासून पाहणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून चालू आहे. प्रथम ती चौथी व सातवीसाठी होती. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला नेण्यात आली आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा निर्णय झाला. पाचवीच्या परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी ७५ प्रश्न, दीड तासाचा वेळ आणि एकूण ३०० गुण, असे तिचे स्वरूप होते. त्यांतील १०० गुण गणिताला आणि १०० गुण 'बुद्धिमत्ता चाचणी'ला होते. पाचवीला पाच लाखांहून अधिक मुले या परीक्षेस बसत. शिष्यवृत्त्या मात्र साडेसोळा हजारांच्या आसपास. म्हणजे शंभर मुलांमागे तीन किंवा फार तर चार. शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ पर्यंत वर्षाला जास्तीत जास्त हजार रुपये होती. त्या वर्षी ती पाच हजार करण्यात आली. वाढ स्वागतार्ह आहे. पण हिशेब मांडला तर एका तुकडीवर शासनाचा वार्षिक खर्च सव्वाआठ कोटी रुपयांच्या घरात जातो. या तुटपुंज्या रकमेसाठी लाखो मुलांचे कित्येक महिने, हजारो शिक्षकांचे श्रम आणि पालकांचा प्रश्नसंचांवरील व शिकवण्यांवरील खर्च खर्ची पडतो. एखाद्या कारखान्याने असा ताळेबंद सादर केला असता, तर सभासदांनी वार्षिक सभा उधळून लावली असती!

या तीन-चार मुलांत कोण असते? ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, शिकलेली आई आहे, शिकवणीची फी भरण्याची ऐपत आहे, त्याचे पारडे आधीच जड असते. गरीब घरातील एखादे तल्लख मूल त्यातूनही पुढे येते, हे खरे. पण ऊसतोडणी कामगाराच्या मुलाचे काय? शिष्यवृत्ती परीक्षा गेली अनेक वर्षे बहुधा फेब्रुवारीत होत आली आहे. त्या वेळी कारखान्यांची धुरांडी पेटलेली असतात. आईबाप कोयता घेऊन पहाटे फडात गेलेले असतात आणि दहा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसलेली असते. तिच्या मूळ गावच्या शाळेत तिचे नाव पटावर आहे. इथल्या शाळेत ती पाहुणी आहे, किंवा तीही नाही. परीक्षा पुढे ढकलून एप्रिलात नेली, तरी तयारीचे महिने तेच आहेत. दिवाळीपासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंतचा तो काळ या मुलीच्या आयुष्यात शाळेचा नसतोच. तिची बुद्धिमत्ता कोणत्या चाचणीने मोजली? ती परीक्षेत नापास झालेली नाही. तिला परीक्षेच्या दारापर्यंत येऊच दिले गेले नाही, आणि तरीही अंतिम यादीला 'गुणवत्ता यादी' म्हणण्याचे धाडस आपण करतो.

हा आक्षेप नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात शासकीय शिष्यवृत्त्यांची तत्कालीन पद्धत सदोष असल्याचे त्यांनी स्पष्टपणे सांगितले होते. ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे त्यांनाच या पद्धतीने उत्तेजन मिळते. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्यातून इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित जनतेत शिक्षण पसरवण्यास मुळीच उपयोगी नाही, असेही त्यांनी त्याच निवेदनात नमूद केले होते. जोतीरावांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या राज्याने त्यांचे हे विधान एवढ्या वर्षांत मनावर घेतलेले नाही.

निकालावर अनुदानाची ती पद्धत मूळची इंग्लंडची. १८६२ च्या संहितेनुसार तेथील प्राथमिक शाळांचे अनुदान वाचन, लेखन व अंकगणित यांच्या वार्षिक तपासणीवर अवलंबून ठेवण्यात आले. परिणाम व्हायचा तोच झाला. शिक्षक तपासनिसासाठी शिकवू लागले, मुले पुस्तक समजून घेण्याऐवजी पाठ करू लागली. स्वतः शाळा-तपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली, आणि ते शतक संपण्यापूर्वी इंग्लंडने ती मोडीत काढली. पुढे १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण नोंदवले, त्याचे सार हेच की एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की ते मोजमाप म्हणून निकामी होते. तापमापक गरम पाण्यात बुडवून रोग्याचा ताप ठरवता येत नाही.

आपल्याकडे नेमके हेच चालले आहे. २०२३-२४ पासून जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यातील 'स्टार्स' प्रकल्पांतर्गत पायाभूत चाचणी आणि दोन संकलित मूल्यमापने अशा तीन राज्यव्यापी चाचण्या सुरू झाल्या. त्याच वर्षापासून पाचवी व आठवीला अनुत्तीर्ण करण्याची तरतूद असलेली वार्षिक परीक्षा परत आली. ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' हे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. यांतील काही चाचण्यांचा मूळ उद्देश निदानाचा आहे. मूल कोठे अडले आहे हे शिक्षकाला कळावे, एवढ्यासाठीच त्या आहेत. निदानाच्या चाचणीची 'तयारी' करून घेणे म्हणजे रोग लपवणे होय. पण जिल्ह्याचा क्रमांक घसरला की वरून विचारणा होते, आणि मग मुलांना सराव देऊन आकडे सुधारण्याचा सोपा मार्ग अवलंबला जातो. अध्यापन सुधारणे मात्र बाजूलाच राहते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९व्या कलमाने मुलाला भय आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याचे व सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे तत्त्व स्वीकारले आहे. ते कलम रद्द झालेले नाही. ते फक्त विसरले गेले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो प्रामाणिक आहे. परीक्षा आहेत तोवर गरिबांच्या मुलांना त्यांचे तंत्र न शिकवणे म्हणजे त्यांना निःशस्त्र रणांगणात पाठवणे नव्हे काय? श्रीमंतांची मुले शिकवण्यांत तंत्र शिकणारच. हा आक्षेप अर्धा मान्य केला पाहिजे. उत्तरपत्रिका कशी भरावी, वेळ कसा वाटून घ्यावा, येत नाही तो प्रश्न सोडून पुढे कसे जावे, हे प्रत्येक मुलाला अवश्य शिकवावे. पण त्याला एक आठवडा पुरतो. उरलेले महिने ज्याला वाचता येत नाही त्याला वाचायला शिकवण्यात गेले पाहिजेत. सरावाने चार गुण वाढतात. वाचता आले की पुढची दहा वर्षे वाढतात. शिवाय जादा तासांना निवडक 'हुशार' मुलेच बसवली जातात आणि मागे राहिलेली मुले आणखी मागे राहतात. शाळेच्या नावाखातर केलेली ही निवड समतेच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? सराव परीक्षा भरवण्याऐवजी वस्तीवर आणि कोपींच्या तळावर संध्याकाळचे वर्ग चालवावेत. तेथे गोष्टींची पुस्तके मोठ्याने वाचावीत. गणित शिकवायचे तर टनामागचा दर, मुकादमाची उचल, त्यातून झालेली फेड आणि शिल्लक बाकी यांचे गणित शिकवावे. जी मुलगी बापाच्या उचलीचा हिशेब स्वतः करू शकते, ती कोणत्याही चाचणीतील बेरीज-वजाबाकीला भिणार नाही, आणि मुकादमालाही भिणार नाही. चाचणीच्या आठवड्यात मुलांना पुरेशी झोप व पोटभर जेवण मिळेल हे पाहावे, आणि गुणांची जाहीर तुलना कटाक्षाने टाळावी.

यासोबत शासनाकडे काही मागण्या लावून धरल्या पाहिजेत. शिष्यवृत्त्यांचा मोठा हिस्सा स्थलांतरित, भूमिहीन व कोरडवाहू कुटुंबांतील मुलांसाठी, चढाओढीची अट न घालता, राखून ठेवावा. मूळ गावांतील हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी सुरू व्हावीत आणि इथे आलेल्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत विनाअट प्रवेश मिळावा. शिक्षकांची रिक्त पदे भरावीत. निदान चाचण्यांचे निकाल शिक्षकाला मदत देण्यासाठी वापरावेत, शाळांची उतरंड लावण्यासाठी नव्हे.

भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि या मुलखात साखर पिकली. त्या साखरेतून कारखाने, पतसंस्था आणि महाविद्यालये उभी राहिली. ज्यांच्या कोयत्याने हे वैभव तोडून, बांधून, वाहून आणले, त्यांच्या मुलांना अजूनही पटावरचे नाव आणि प्रत्यक्षातील शाळा यांतले अंतर पार करता आलेले नाही. हे अंतर सराव प्रश्नसंचांनी मिटणार नाही. ते मिटवण्यासाठी संघटित लढा द्यावा लागेल, आणि तो लढा देणे हीच या मुलांच्या परीक्षेची खरी तयारी होय.