तंतू कोठे पोचतो, हे गौण नाही

निर्णयप्रक्रियेच्या चर्चेत एक मत प्रतिष्ठा पावले आहे. ते असे की मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे त्याच्या सुरकुतलेल्या बाह्य थरातील, चेतापेशींना ठरावीक कामे वाटून दिलेली नसतात. एकच पेशी संवेदना, स्मृती आणि कृती यांच्या मिश्रणाला प्रतिसाद देते, आणि म्हणून तिचा अक्षतंतू, म्हणजे संदेश बाहेर नेणारा धागा, कोठे पोचतो हे गौण ठरते. हे मत निराधार नाही. २०१३ मध्ये रिगॉटी आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या ललाटपूर्व बाह्यकातील अशा मिश्र प्रतिसादांचे महत्त्व दाखवले. परंतु त्यापुढचा निष्कर्ष टिकत नाही, कारण पेशीला काय कळते आणि ती ते कोणाला कळवते, हे प्रश्न भिन्न आहेत.

२०१५ मध्ये ली, स्वोबोडा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे निर्णायक आहे. उंदराने मिशांच्या स्पर्शाने खांबाची जागा ओळखायची, क्षणभर थांबायचे आणि मग डावीकडे किंवा उजवीकडे चाटायचे, अशी त्याची रचना होती. अग्रभागातील चालक, म्हणजे हालचालींशी निगडित, बाह्यकाच्या एकाच बाजूला डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही दिशांच्या पेशी मिसळलेल्या आढळतात. तरीही ती बाजू निष्क्रिय केली की बिघडते ती विरुद्ध दिशेची हालचाल. पेशींची सरसकट गोळाबेरीज करणाऱ्याला हे कोडे सुटत नाही. गंतव्यानुसार पेशी वेगळ्या केल्या तेव्हा दिसले की बाह्यकातच संदेश फिरवणाऱ्या पेशी मिश्र असतात, तर मस्तिष्कस्तंभाकडे उतरणाऱ्या पेशींचा कल तयारीच्या काळात विरुद्ध दिशेकडे झुकतो. २०१८ मध्ये इकॉनोमो आणि सहकाऱ्यांनी या उतरणाऱ्या पेशींतही भेद दाखवला: थॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या केंद्राकडे जाणाऱ्या पेशी कृतीच्या तयारीत आधीपासून सहभागी असतात, तर लंबमज्जेकडे, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागाकडे, जाणाऱ्या तयारीच्या अखेरीस आणि प्रत्यक्ष हालचालीच्या वेळी.

मात्र गंतव्य म्हणजेच भूमिका, हे दुसरे टोकही त्याज्य आहे. एकाच अक्षतंतूला अनेक ठिकाणी जाणाऱ्या शाखा फुटतात. शिवाय वरील दोन प्रकार बाह्यकातील खोलीने आणि जनुकांच्या अभिव्यक्तीनेही भिन्न आहेत, त्यामुळे गंतव्य हे भूमिकेचे कारण नसून केवळ पेशीच्या जातीची खूण असू शकते. म्हणूनच नुसत्या नोंदींवर विसंबता येत नाही, हस्तक्षेप लागतो; झ्नामेन्स्की आणि झॅडोर यांनी २०१३ मध्ये श्रवण बाह्यकातून स्ट्रायटम या खोलवरच्या भागाकडे जाणाऱ्या पेशी उद्दीपित केल्या, तेव्हा प्राण्यांची निवड त्या पेशींच्या पसंतीच्या स्वराकडे झुकली. तेव्हा ‘हा भाग निर्णय घेतो’ असे म्हणणारे प्रत्येक विधान, गंतव्यानुसार पेशी वेगळ्या करून हस्तक्षेपाने तपासले जाईपर्यंत, अपूर्णच मानले पाहिजे.