रोख्याचा दर आणि ऋणकोची पत

निवृत्तीची रक्कम हाती आली की घरोघरी पहिला प्रश्न असतो, कुठे किती टक्के मिळतात? रिझर्व्ह बँकेमार्फत विकल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या फ्लोटिंग रेट बचत रोख्यांवरचे सारे आक्षेप याच प्रश्नातून निघतात. पैसा सात वर्षे अडकतो, व्याज करपात्र असते, ते दर सहा महिन्यांनी हाती पडत असल्याने चक्रवाढीचा लाभ नाही, आणि एवढे सोसून जुलै 2023 पासून मिळतात 8.05 टक्के. एखादी पतसंस्था किंवा वित्त कंपनीचे डिबेंचर याहून जास्त देत असेल, तर सरकारला पैसे का द्यावेत? यातली विधाने खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र मला साफ अमान्य आहे. ठेव असो, डिबेंचर असो वा रोखा, आपण कोणाला तरी कर्जच देत असतो. धनकोने आधी विचारायचे ते हे की ऋणको कोण आहे आणि तो बुडू लागला तर परतफेडीच्या रांगेत आपण कितवे. दराचा विचार त्यानंतरचा.

हा क्रम उलटला की काय होते, याची उदाहरणे फार जुनी नाहीत. मार्च 2020 मध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत 8,415 कोटी रुपयांचे एटी-1 रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर बुडीत धरता येणारे जादा व्याजाचे रोखे, शून्यावर आणले गेले. त्याच बँकेतल्या ठेवीदारांचे मुद्दल शाबूत राहिले आणि भागधारकांचे शेअरही पुरते पुसले गेले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये तो निर्णय रद्द ठरवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला; पण सामान्य धनकोला जादा व्याजाच्या मोबदल्यात न्यायालयाची पायरी चढायची नसते. पतमानांकन पाहिले की झाले, असे म्हणावे तर 2018 मध्ये हप्ते थकवण्याच्या थोडेच आधीपर्यंत आयएल अँड एफएस या वित्त कंपनीच्या कर्जाला सर्वोच्च मानांकन होते. बँकेतल्या ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. महाराष्ट्रात गावोगावी पतसंस्था असताना ही गोष्ट ठेवीदाराला कोणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

कोणी विचारील, सरकारचीच हमी हवी तर बाजारातले सरकारी रोखे का नकोत? नोव्हेंबर 2021 पासून रिटेल डायरेक्ट खात्यातून ते कोणालाही घेता येतात, आणि मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला ते चांगलेच आहेत. मात्र त्यांची किंमत बाजारातल्या दराच्या उलट दिशेने हलते. सात टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा घेतला आणि लगेच बाजारातला दर आठ टक्के झाला, तर शंभराचा रोखा सुमारे 93 रुपयांना विकावा लागेल. बचत रोखा विकता येत नाही, पण त्याचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा 0.35 टक्क्याने जास्त ठेवलेला असतो आणि दर सहामाहीला तपासला जातो. म्हणून जुलै 2020 मध्ये 7.15 टक्क्यांवर घेतलेल्या रोख्यालाही पुढे 8.05 टक्के मिळू लागले. दर उतरले तर हेही उतरेल, हे घेणाऱ्याने गृहीत धरावे.

सात वर्षांच्या अटीतून साठीपुढच्यांना थोडी सूट आहे: वयानुसार सहा, पाच किंवा चार वर्षांनंतर, थोडे व्याज सोडून पैसे काढता येतात. कर भरून उरलेले व्याज महागाईपुढे तोकडे पडते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तीस टक्के कर भरणाऱ्याच्या हाती साडेपाच टक्क्यांच्या आसपासच उरते, त्यामुळे तरुण कमावत्याने संपत्ती वाढवण्यासाठी हा मार्ग धरू नये. ज्येष्ठांनीही आधी 8.2 टक्क्यांच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतली तीस लाखांची मर्यादा वापरावी, दवाखान्यासाठी लागेल ती रक्कम बँकेत मोकळी ठेवावी, आणि उरलेल्यातले जे मुद्दल बुडालेले परवडणार नाही ते बचत रोख्यांत घालावे. एक टक्का जास्त देऊ करणाऱ्या एजंटाकडून सही करण्यापूर्वी ऋणकोचे नाव आणि परतफेडीच्या रांगेतली आपली जागा लेखी मागा. ती मिळाली नाही तर अर्ज परत करा.