कर बुडबुड्यांवर, साखर मोकाट

दुपारी भुकूमला पौड रोडवरच्या कुठल्याही टपरीपुढे उभे राहा. लवळ्याच्या कॅम्पसवरून आलेली पोरं, एका हातात वडापाव, दुसऱ्यात गार बाटली. कुणी कोला घेतं, कुणी ‘त्यापेक्षा बरं’ म्हणून मँगो ड्रिंक, डाएटवाला एखादा झीरो शुगर कोला.

आता या तीन बाटल्यांवरचा कर बघा. २२ सप्टेंबर २०२५पासून कोलावर जीएसटी ४० टक्के. झीरोवरही ४०च. आणि मँगो ड्रिंकवर? ५ टक्के, तोही आधीच्या १२वरून खाली आणलेला. २५० मिली कोलात साधारण २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. बऱ्याच मँगो ड्रिंक्सचा आकडा त्याच्या आसपासच जातो, लेबल उलटून बघा. दिवसभरात अशी साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपला कर मात्र फेस बघतो, साखर बघतच नाही.

फळ आहे म्हणजे शेतकऱ्याचा फायदा, असं यावर सांगितलं जाईल. पण फ्रूट ड्रिंकमध्ये १० टक्के रस असला तरी नियमाला पुरतो. उरलेल्या ९० टक्क्यांना सवलत कशाची?

ब्रिटनने एप्रिल २०१८मध्ये साखर मोजून कर लावला. १०० मिलीत ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर शून्य, त्यापुढे लिटरला १८ पेन्स, ८ ग्रॅमपासून २४ पेन्स. कर लागू व्हायच्या आधीच अनेक कंपन्यांनी रेसिपी बदलल्या. पिणाऱ्याला लेक्चर द्यावं लागलं नाही. आपल्याकडे कोलातली साखर निम्मी केली तरी कर तोच, मग कंपनी ती कशाला कमी करेल?

‘म्हणजे पुन्हा आमचाच खिसा कापणार!’ नाही हो. आहे तोच कर ग्रॅमवर लावा, म्हणजे कमी गोड बाटली स्वस्त होईल. (झीरोतले कृत्रिम गोडवे कितपत चांगले, हा वेगळा वाद.)

शाळेच्या गेटपासून ५० मीटरपर्यंत असल्या पदार्थांची विक्री नको, असा एफएसएसएआयचा २०२०चा नियम आहे. कॉलेजांसाठी काय, तर जंक फूड नको म्हणणारं यूजीसीचं २०१६चं परिपत्रक. ते किती कॅन्टीनवाल्यांनी वाचलंय, विचारून बघा.

कराचे दर जीएसटी कौन्सिल ठरवते आणि तिथे महाराष्ट्राचाही प्रतिनिधी बसतो. पुढच्या बैठकीत त्यांनी एवढंच विचारावं: झीरोला ४० आणि मँगोला ५, हे गणित कुठलं?