‘जाणें’ आणि त्याचें गोत्र

आमची धाकटी नात परवां शाळेंतून आली ती गाल फुगवूनच. ‘गो’ या इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ तिनें ‘गोड’ असा लिहिला होता. बाईंस तो गोड लागला नाहीं. त्यांनीं तांबडी फुली मारिली. ‘टॉक’चें ‘टॉक्ड’ होतें, ‘प्ले’चें ‘प्लेड’ होतें, मग ‘गो’नेंच काय घोडें मारलें होतें? “आजोबा, नियम मीं मोडला, कीं इंग्रजांनीं?” असा तिचा रोकडा सवाल.

इंग्रजांनीं, हें आम्हांस कबूल करावें लागलें. ‘वेंट’ हें रूप ‘गो’चें नव्हेच. तें ‘वेंड’ या निराळ्या क्रियापदाचें. ‘वेंड’ म्हणजे मूळांत वळणें, मग वाट धरणें. ‘सेंड’चें जसें ‘सेंट’, तसें ‘वेंड’चें ‘वेंट’. ‘गो’चें स्वतःचें जुनें भूतकाळी रूप मागें पडत गेलें, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास शेजारचें ‘वेंट’ त्याच्या घरांत दत्तक आलें. बिचारें ‘वेंड’ आतां क्वचितच भेटतें. स्कॉटलंडच्या बोलींत मात्र ‘गे’ म्हणजे जाणें व ‘गेड’ म्हणजे गेला, असें नातीच्या नियमाप्रमाणें चालणारें रूप आहे. तेव्हां तिची चूक अगदींच निराधार नव्हती.

पण इंग्रजांस हंसण्यापूर्वीं आपलें घर पाहावें. मी जातों, पण मी गेलों. या ‘ज’चा ‘ग’ कसा झाला? ‘जाणें’ आलें संस्कृत ‘या’ धातूपासून; ‘याति’चें प्राकृतांत ‘जाइ’ झालें. ‘गेला’ आला ‘गम्’पासून, ‘गत’ याचें प्राकृतांतून येतां येतां हें रूप झालें. म्हणजे आपलेंही एक क्रियापद दोन धातूंच्या खांद्यावर बसून प्रवास करतें. हीच नात दोन वर्षांची असतां “बाबा जाला” म्हणत असे, तेव्हां घरांत केवढें कौतुक झालें होतें! फ्रेंच भाषेंत तर या एका क्रियापदाच्या रूपांत लॅटिनचीं निरनिराळीं मुळें मिसळलीं आहेत, आणि त्यांतील एक आपल्या ‘इ’ धातूचें, म्हणजे ‘एति’चें, सख्खें भावंड आहे.

याहून गमतीची गोष्ट अशी कीं, आपला ‘गम्’ इंग्रजींत शोधूं गेल्यास तो ‘गो’मध्यें सांपडत नाहीं. तो सांपडतो ‘कम’मध्यें. आपलें जाणें तें त्यांचें येणें! भाषापंडितांनीं हें नातें पक्कें ठरविलें आहे. ज्या घरांत बाहेर पडणारा माणूस “जातों” न म्हणतां “येतों” म्हणतो, त्या घरांतील वाचकांस याचें फार नवल वाटूं नये.

‘गो’चे पर्याय विद्यार्थी पाठ करतात. ‘मूव्ह’, ‘प्रोसीड’, ‘डिपार्ट’, ‘लीव्ह’, ‘ट्रॅव्हल’. पण ‘मूव्ह’ म्हणजे नुसतें हलणें, ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणें, ‘प्रोसीड’ म्हणजे पुढें सरकणें. ‘गो’ची खरी अडचण त्याच्या मागें लागणाऱ्या शेपटांत आहे. आपण उपसर्ग पुढें जोडतों आणि आगम, निर्गम, संगम, उद्गम अशीं स्वच्छ वेगळीं घरें बांधतों. इंग्रज शब्द मागें लावितो व घर एकच ठेवितो. दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो. गजराचें घड्याळ ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजूं लागतें. बाँब ‘गोज ऑफ’ म्हणजे फुटतो. आणि दूध ‘गोज ऑफ’ म्हणजे नासतें. येथें व्याकरण हात टेंकतें. वाचन वाढविणें एवढाच उपाय.

आपले पूर्वजही या बाबतींत कमी नव्हते. यास्काचार्यांनीं ज्यावर निरुक्त लिहिलें त्या निघंटूंत गतिवाचक क्रियापदें १२२ दिलीं आहेत. पतंजलींनीं महाभाष्याच्या आरंभींच सांगितलें आहे कीं, जाणें या अर्थीं सुराष्ट्रांत ‘हम्मति’ म्हणतात, प्राच्य व मध्य देशांत ‘रंहति’ म्हणतात, आर्य मात्र ‘गम्’च वापरतात. कंबोज देशांत ‘शवति’ म्हणजे जातो. आर्यांत त्या धातूचा केवळ ‘शव’ हा शब्द उरला. जो चालत होता तो गेला, आणि मागें राहिलें त्याचें नांव शव. यास्कांनींही हीच गोष्ट नोंदली आहे. दरवर्षीं वर्गांत ती सांगतांना आम्हांस एक मुलगा आठवत असे.

आमच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षांतली गोष्ट. इंग्रजीच्या तासाला भूतकाळ चालला होता. प्रत्येकानें ‘वेंट’ घालून एक वाक्य सांगावें, असें आम्हीं फर्माविलें. कोणी बाजारांत गेला, कोणी मामाच्या गांवीं. पंधरवड्याच्या रजेनंतर आलेला एक मुलगा उभा राहिला. डोक्यावर टोपी होती. तो म्हणाला, “माय फादर वेंट.” आम्हीं म्हटलें, “वाक्य अर्धें आहे. कोठें गेले?” वर्ग हंसला. आम्हीही हंसलों. तो तसाच उभा. शेवटीं त्याच्या शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, “सर, त्याचे वडील गेले.”

या मराठी वाक्यांत ठिकाण नाहीं, आणि तें कोणी विचारीतही नाहीं. मुलानें त्याचें शब्दशः भाषांतर केलें होतें, त्याचें व्याकरण चोख होतें. इंग्रजींत मात्र एकटें ‘वेंट’ हा भार पेलत नाहीं. तेथें ‘इज गॉन’ म्हणतात, ‘पास्ड अवे’ म्हणतात. ‘वेंट पीसफुली’ असा जोड दिला तरच ‘वेंट’ही चालतें. एवढें समजावून सांगण्यास दोन मिनिटें पुरलीं असतीं, आणि त्या मिषानें त्याच्या पाठीवर हातही ठेवतां आला असता. मास्तरांनीं मुलाची क्षमा मागण्याची रीत नव्हती, असें आम्हीं तेव्हां स्वतःस बजावलें. खरें म्हणजे आम्ही घाबरलों होतों. त्यास “बस” म्हटलें, आणि फळ्याकडे वळून पुढचें वाक्य लिहावयास घेतलें.

नातीनें हें सर्व ऐकून घेतलें. तिनें विचारलें, “मग त्याला पण फुली मिळाली का?”