तपासणीला मजुराचा माणूस हवा

कापूस जिनात जातो आणि त्याच्यामागे आपली माणसेही जातात. कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून मानोऱ्याकडचा पोरगा हंगामात रेच्यावर उभा राहतो, तांड्यावरची बाई कापूस निवडते. तिथे उघडा पट्टा असतो, नाकातोंडात रुई जाते, एका ठिणगीने गंजी पेटते. तपासणीचे साहेब आले तर मालकासमोरच विचारतात, 'काही तक्रार?' उद्याची हजेरी ज्याच्या हातात, त्याच्यासमोर कोण तोंड उघडणार?

१९८४ साली भोपाळ घडले. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्यांत कामगारांचा वाटा असलेली सुरक्षा समिती आली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात समितीची सक्ती सरकारच्या आदेशावर सोडली आहे; ५०० कामगारांच्या कारखान्याला, धोकादायक असेल तर २५० च्या, सक्ती आहे ती सुरक्षा अधिकाऱ्याची. विजेवर चालणारी जागा पूर्वी १० कामगारांवर 'कारखाना' ठरे, आता २० लागतात. निरीक्षकाला सोबत सरकारी माणूस किंवा तज्ज्ञ नेता येतो. मजुराने निवडलेल्या माणसाला मात्र तिथे जागा नाही.

अमेरिकेत ३१ मे २०२४ पासून लागू झालेल्या नियमाने हा प्रश्न सोडवला. यंत्राचा धोका किंवा कामगाराची भाषा जाणणारा बाहेरचा माणूसही, तपासणीला त्याची गरज असेल तर, कामगारांच्या वतीने निरीक्षकासोबत फिरू शकतो. आपल्या तांड्यावरची बाई गोरमाटीत जे मोकळे सांगेल, ते साहेबांच्या मराठीत सांगेल काय?

कोणी म्हणेल, शेतकरी चळवळ इन्स्पेक्टर राज मागू लागली! मुळीच नाही. परवाने आणि साहेब यांनी शेतकऱ्याला किती नाडले हे आम्हाला कोणी शिकवू नये. आम्ही साहेब वाढवा म्हणत नाही. जो साहेब येतो, त्याची तपासणी बंद खोलीत होऊ नये, एवढेच म्हणतो. देवाणघेवाण बंद खोलीतच होते. चार डोळे पाहत असतील तर नेकीच्या मालकालाही हप्त्याचा जाच उरणार नाही. हा माणूस तपासणीपुरताच आत जाईल. पावतीपुस्तक घेऊन येणारा पुढारी आम्हालाही नको.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्राला ही दुरुस्ती करता येते. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. जिनात गेलेल्या आपल्या पोराबाळांना विचारून या, आणि मगच हात वर करा.