बाळाची खाट घेण्याआधी आपला पलंग पाहा

पलंगाला खेटून ठेवायची आणि एका बाजूचा कठडा खाली घेता येणारी बाळाची छोटी खाट आता आपल्या भागातील दुकानांतही दिसू लागली आहे. दुकानदार तिला ‘बेडसाइड कॉट’ म्हणतात. तुळिंजमधील माझ्या दवाखान्यात सातव्या-आठव्या महिन्यातील गर्भवती आणि तिचे यजमान मोबाइलवरील चार-पाच चित्रे पुढे करून ‘यांतली कोणती घ्यावी?’ असे विचारतात. त्यावर माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: तुमचा पलंग कसा आहे?

हा प्रश्न त्यांना विचित्र वाटतो, परंतु उत्तर त्यातच दडलेले असते. या खाटेमागील कल्पना उत्तम आहे. बाळ आईच्या हाताच्या अंतरावर असावे, रात्री दोनदा-तीनदा पाजताना तिला उठून दूर जावे लागू नये आणि तरीही बाळाला निजण्यासाठी स्वतंत्र, सपाट व घट्ट पृष्ठभाग मिळावा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये दिलेला सल्लाही असाच आहे: पहिले किमान सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीत, परंतु वेगळ्या अंथरुणावर झोपावे. आपल्याला यात फार नवे काही वाटू नये. बाळंतिणीला बाजल्यावर निजवून बाळाला जवळच पाळण्यात ठेवण्याची रीत आपल्या आज्यांनी पाहिलेली आहे.

शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या स्त्रीला तर या खाटेचा खरा आधार होतो. टाके ओले असताना कुशीवरून उठणे, वाकणे, तीन किलोंचे बाळ उचलणे, हे सारे पहिले दोन आठवडे जिकिरीचे असते. तिच्यासाठी खाट घेत असाल, तर खर्च योग्य ठिकाणी होतो, असे मी म्हणेन.

आता पलंगाकडे वळू. अशा बहुतेक खाटांचे पाय मोठ्या पलंगाखाली सरकतील अशा बेताने बनवलेले असतात, तेव्हाच खाट पलंगाला चिकटते. आपल्याकडील ‘वन रूम किचन’ घरांत मात्र जागेअभावी सामान भरण्याचा पेटीचा पलंग असतो. तो जमिनीपर्यंत बंद असल्यामुळे खाटेचे पाय आत जाऊ शकत नाहीत आणि खाट पलंगापासून दोन-तीन इंच दूर राहते. शिवाय अशा पलंगाची लाकडी चौकट अनेकदा गादीच्या बाहेर दोन इंच निघालेली असते. खाट चौकटीला टेकली, तरी गादी आणि खाट यांच्यामध्ये फट उरतेच. लोक या फटीत उशी किंवा गुंडाळलेली चादर कोंबतात. चादर रात्रीतून खाली सरकते आणि फट पुन्हा उघडी पडते.

या फटीचे भय मी उगाच घालत नाही. गेल्या पावसाळ्यात दीड महिन्याच्या एका मुलीला घेऊन तिची आजी पहाटे दवाखान्याच्या दारात उभी होती. सकाळी लादी पुसण्यासाठी खाट रोज मागे ओढली जाई. त्या दिवशी ती परत लावताना पट्टा बांधायचा राहिला. रात्री खाट हळूहळू सरकली आणि बाळ पलंगाच्या गादीच्या कडेशी तोंड दाबले गेलेल्या अवस्थेत सापडले. आजी पाणी प्यायला उठली होती, म्हणूनच ते वेळेवर दिसले. मुलगी सुखरूप आहे. त्या घरातील खाट नामांकित कंपनीची आणि महागडी होती, पट्टाही मजबूत होता. तो फक्त बांधलेला नव्हता. एवढ्या लहान बाळाला मान वळवून नाक मोकळे करण्याची ताकद नसते. गुदमरताना ते रडतही नाही, म्हणून शेजारी निजलेल्या आईला जाग येत नाही.

तेव्हा खरेदीपूर्वी मोजपट्टी घ्या. जमिनीपासून आपल्या गादीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजा. ती दाबून मोजा, कारण माणूस झोपला की कापसाची किंवा फोमची गादी दबते. बाळाच्या खाटेची गादी या उंचीइतकी किंवा किंचित खाली यायला हवी. आईच्या बाजूचा कठडा खाली घेतल्यावरही बाळाच्या गादीपासून चार-पाच इंच कठडा उरला पाहिजे. तो पूर्णपणे खाली पडणारी खाट मला पसंत नाही. तशा रचनेत बाळ आईच्या गादीवर आणि आईचे पांघरूण बाळावर येते. पट्टा पलंगाच्या चौकटीला किंवा गादीला आवळून बांधता येतो का आणि बांधल्यावर बोट जाईल एवढीही फट राहते का, हे दुकानात नव्हे, घरी पाहायचे असते. म्हणून परत करण्याची मुभा असेल तरच घ्या. पेटीच्या पलंगाशी खाट जुळत नसेल, तर सगळे कठडे वर ठेवून ती पलंगापासून हातभर दूर, स्वतंत्र उभी करा. आईला थोडे उठावे लागेल, पण फट उरणार नाही.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या उत्साहात हमखास विसरली जाते. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते. खाट मात्र नालासोपाऱ्यातील सासरच्या पलंगाच्या मापाने येते, आणि बाळाचे पहिले सव्वा ते तीन महिने जातात जव्हारला, कणकवलीला किंवा साताऱ्याकडील एखाद्या गावात. बाळ गुडघ्या-हातांवर उठू लागले किंवा कुशीवर वळू लागले, की ही खाट बंद करावी लागते. म्हणजे ती साधारण पाचव्या महिन्यापर्यंतच उपयोगी. आई परतेपर्यंत निम्मी मुदत संपलेली असते. त्यामुळे बाळ ज्या घरी आरंभीचे दिवस काढणार, त्या घराचे अंथरूण आधी पाहा, आणि दोन-अडीच महिन्यांसाठी दहा हजार रुपये घालायचे का, हे प्रामाणिकपणे ठरवा. बाळ जन्मण्यापूर्वी खरेदी करू नये, असा अनेक घरांत संकेत असतो. तो पाळायला हरकत नाही. माप आधी घेऊन ठेवावे, पैसे नंतर द्यावेत.

खाटेच्या गादीची परीक्षा सोपी आहे. तळहाताने जोरात दाबून सोडा. खळगा लगेच भरून आला पाहिजे. गादी आणि कठडा यांमध्ये दोन बोटांहून अधिक जागा नको. ‘बाळाला टोचेल’ म्हणून वर मऊ गोधडी किंवा जादा गादी अंथरण्याचा मोह आवरा. मेणकापड गादीवर ताणून, त्यावर एकच सुती चादर खोचून घ्या. उभ्या दांड्यांची खाट सुताराकडून करवून घेणार असाल, तर दोन दांड्यांमधील अंतर सहा सेंटीमीटरहून कमी ठेवायला सांगा. थंड पेयाचा डबा त्यातून आरपार जाता कामा नये. कोपऱ्यांवर शोभेचे लाकडी कळस नकोत, त्यांत झबल्याचा गळा अडकतो. एक बाजू रुळावरून खाली सरकणाऱ्या जुन्या धाटणीच्या खाटा नातेवाइकांकडून येतात. ती बाजू निसटून मुले अडकल्यामुळे अमेरिकेत 2011 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे.

काही खाटांत डोक्याकडील भाग उंच करण्याची सोय असते आणि ‘दूध वर येणाऱ्या बाळांसाठी’ अशी तिची जाहिरात केली जाते. ती वापरू नका. उतारावर बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि आधीच अरुंद असलेली श्वासनलिका आणखी दबते. एका मोठ्या कंपनीला 2019 मध्ये असे सुमारे 47 लाख तिरपे झोपाळे बाजारातून परत घ्यावे लागले, आणि 2022 मध्ये अमेरिकेने कायद्यानेच ते बंद केले. आपल्याकडील साडीची झोळी आणि स्प्रिंगचा पाळणा यांतही बाळाची पाठ वाकून हनुवटी खाली येते. रडणारे बाळ शांत करण्यासाठी, समोर बसून झोके देण्यास माझा विरोध नाही. डोळा लागला की मात्र त्याला सपाट अंथरुणावर, पाठीवर निजवावे.

पाठीवर निजवले तर दूध घशात अडकेल, ही आज्यांची भीती मला रोज ऐकावी लागते. ती भीती मायेपोटी आहे, तिची थट्टा करू नये. पण शरीररचना तिच्या विरुद्ध साक्ष देते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध चढण चढून श्वासनलिकेत जाणे अवघड असते. पालथ्या बाळात याच्या उलट घडते. अमेरिकेत 1994 मध्ये बाळांना पाठीवर निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत झोपेतील अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ढेकर काढा, खांद्यावर थोडा वेळ धरा आणि मग निजवा.

खाटेत बाळाखेरीज काही नको. मोहरीची उशीसुद्धा नको, हे सांगितले की घरात शांतता पसरते. डोके गोल होण्यासाठी उशी लागत नाही. बाळ जागे असताना, आपल्या डोळ्यांसमोर, दिवसातून अनेकदा थोडा वेळ पालथे ठेवावे. गळ्यातील काळा दोरा रात्री काढावा, हवा तर पायात बांधावा. निजवताना आईनेही लांब मंगळसूत्र उतरवून ठेवावे. थंडी वाजेल म्हणून दुलई नको, अंगावर कपड्याचा एक थर जास्त चढवावा. ही काळजी निराधार नाही: गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत घरोघरी नवजात बालकांची जी सेवा उभी केली, तिच्यात बाळाला उबदार ठेवणे हा महत्त्वाचा भाग होता. कमी वजनाचे बाळ खरोखर गारठते, आणि आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवणे हाच त्यावरचा उत्तम इलाज. मात्र मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत टोपडे, मोजे आणि दुपट्याचे वेढे म्हणजे बाळाला भाजून काढणे होय. मान घामेजली असेल, तर एक कपडा काढा. पंखा खुशाल चालू ठेवा.

ज्यांच्या घरी पलंगच नाही, त्यांनी खंत करू नये. जमिनीवरील घट्ट चटई आणि तिच्यावर पातळ गादी, आईच्या अंथरुणापासून वीतभर अंतरावर, ही जागा पलंगालगतच्या महाग खाटेइतकीच चांगली. भिंतीची बाजू टाळा. गादी आणि भिंत यांमधील सापट खाटेच्या फटीइतकीच घातक असते. तळमजल्याच्या चाळींत पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्यात पाणी कसे साचले, हे इथल्यांना सांगायला नको. ओल धरणाऱ्या जमिनीवर बाळ निजवू नये. त्या काळात कठड्याची साधी लाकडी खाट आणि तिच्यावर सर्व बाजूंनी ताणलेली, बाळाला न टेकणारी मच्छरदाणी हवी.

आणि शेवटी बाळ आईच्या अंथरुणातच झोपणार असेल, तर निदान ते दोघांच्या मधोमध नको. चारची लोकल पकडून अकराला परतणाऱ्या बापाची झोप किती गाढ असते, हे त्याच्या बायकोला ठाऊक आहे. घरात कोणी धूम्रपान किंवा मद्यपान करत असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा वजन अडीच किलोंहून कमी असेल, तर एकाच अंथरुणात मुळीच झोपवू नका. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणे तर सर्वांत धोक्याचे.

बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी यावे, अशी सरकारी योजना आहे. त्या आल्या की बाळाचे वजन करून त्यांना दारातून परत पाठवू नका. बाळ जिथे निजते, ती जागा त्यांना दाखवा. आणि पाचव्या महिन्यात खाट रिकामी झाली, की शेजारच्या बाळंतिणीला देण्यापूर्वी तिचे स्क्रू, पट्टा आणि माहितीपत्रक एका पिशवीत घालून ती पिशवी खाटेलाच बांधून ठेवा.